निदान: घबराट

डॉक्टर एवेरार्दो अराउसच्या हाताखाली नार्सिसा किमीने बावीस वर्षं काढली होती. त्यातली एकवीस त्याचा तिरस्कार करण्यात गेली; पहिलं तिने त्याला समजून घेण्यात वाया घालवलं होतं.

ग्वायाकिल या बंदराच्या शहरातल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तो हृदयविभागाचा प्रमुख होता आणि ती इकोचं मशीन चालवायची. छातीवर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, पडद्यावर धडधडणारं हृदय टिपायचं आणि कागद त्याच्याकडे पाठवायचे. तो खाली सही करायचा. सही मात्र पाहण्यासारखी होती. अर्धं पान खायची. अराउसच्या आजोबांचं नाव शहरातल्या एका गल्लीला होतं. ती गल्ली दोनशे पावलांत संपून एका गॅरेजवर आदळते, पण हा माणूस चालायचा असा, की सगळं शहर त्याच्याच नावावर आहे. एक्कावन्न वर्षांच्या नार्सिसाला तो अजून लहान मुलीसारखं 'नार्सिसिता' म्हणायचा, आणि लहर आली तर 'पोरी'.

एप्रिल दोन हजार वीसमध्ये, शहरात माणसं मरत होती आणि मढी उचलायला गाड्या पुरत नव्हत्या, तेव्हा अराउस सालिनासच्या समुद्रकाठच्या घरी होता. वय त्रेसष्ट, जोखमीचा गट, असं कारण त्याने लिहून दिलं होतं. तिथून तो फोनवर सूचना द्यायचा. जूनमध्ये परतला तेव्हा छान रापलेला होता.

जुलैपासून ओपीडीत एक नवीनच रांग लागायला लागली. कोरोनातून वाचलेल्या माणसांची. ताप गेलेला, खोकला गेलेला, शेजाऱ्यांनी देवाचे आभार मानून झालेले, आणि आता यांना जिना चढवेना. कोणाची छाती धडधडायची, कोणाला आडवं झालं की गुदमरायचं. त्यात बायका जास्त होत्या. अराउस दर बाईमागे चार मिनिटं द्यायचा आणि कागदावर एकच शब्द लिहायचा: घबराट. खाली कॅमोमाइलच्या फुलांचा काढा आणि झोपताना अर्धी गोळी.

"हा फुप्फुसाचा आजार आहे," तो सकाळच्या राउंडला शिकाऊ डॉक्टरांना सांगायचा. "हृदय माझं खातं आहे. तिथे व्हायरस आलेला मला तरी भेटला नाही."

शिकाऊ डॉक्टर हसायचे. हसावंच लागायचं.

ऑगस्टमध्ये आउरिया बोहोर्केस आली. ग्वास्मोच्या वस्तीत राहणारी, काराग्वाय बाजारात मासे विकणारी, शेहेचाळीस वर्षांची दणकट बाई. नार्सिसा तेव्हा सह्या घ्यायला अराउसच्या टेबलाशी उभी होती, म्हणून तिने सगळं ऐकलं.

"काय होतंय?" अराउसने दोन मीटरवरून विचारलं. मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, आणि हात खिशात.

"डॉक्टर, टोपलं उचलत नाही. पन्नास पौंडांचं टोपलं मी एका झटक्यात हातगाडीवर टाकायची. आता एक मासा साफ करताना दोनदा बसते. आणि आडवं झालं की छातीवर कोणीतरी मांडी ठोकून बसतं."

"घरात कोणी गेलं का?"

"भाऊ. एप्रिलमध्ये. चार दिवस घरातच होता. न्यायला कोणी येईना."

"मग तेच बसलंय छातीवर." अराउसने पेनचं टोपण काढलं. "दुःख आहे ते, बाई."

"दुःखाने पाय सुजतात का, डॉक्टर?"

तो लिहिता लिहिता थांबला. बाजारातल्या बाईने उलट प्रश्न विचारावा, हे त्याच्या नियमात बसत नव्हतं.

"दिवसभर उभं राहिलं की सुजतात. टेस्ट केली होती? पॉझिटिव्ह आल्याचा कागद आहे?"

"एप्रिलमध्ये टेस्ट कुठे मिळत होती? मढ्यासाठी पेटी मिळत नव्हती."

"म्हणजे कोरोना होता की नव्हता, हेही माहीत नाही," अराउस म्हणाला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: घबराट. चार मिनिटंही झाली नव्हती.

नार्सिसाने आउरियाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ती बाई भिंतीला टेकून उभी होती, एखादं दुकान उघडायची वाट पाहत असल्यासारखी.

"आउरियाबाई, चला माझ्याबरोबर."

"चिठ्ठी नाही गं माझ्याकडे, राणी."

"चिठ्ठी मशीनला वाचता येत नाही."

इकोच्या खोलीत आउरियाला सपाट झोपवेना, म्हणून पाठीशी दोन उशा दिल्या. पडद्यावर चित्र उमटलं आणि नार्सिसाचा हात जागच्या जागी थांबला. हृदयाचा डावा कप्पा पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा पसरला होता. त्याच्या भिंती आवळायच्या तेवढ्या आवळत नव्हत्या. नुसत्या हलल्यासारखं करत होत्या. धडधाकट कप्पा दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतो. हा ढकलत होता एकतीस टक्के. हृदयाभोवती थोडं पाणीही साचलं होतं.

"काय दिसतंय?" आउरियाने विचारलं. "दुःख दिसतंय का?"

"नाही," नार्सिसा म्हणाली. "उठू नका तुम्ही. मी आले."

ती चित्रं घेऊन अराउसकडे गेली. तो संत्र्याचा रस पीत होता. त्याने चित्रं हातात घेतली नाहीत; टेबलावर ठेवायला लावली आणि पेनाच्या टोकाने उलटी केली.

"कोणी सांगितलं हे करायला?"

"डॉक्टर, एकतीस आहे. पायावर सूज आहे. हिला भरती करायला हवी."

"नार्सिसिता, मशीन तू चालवतेस. हृदय मी वाचतो."

"मग वाचा ना."

हे तिच्या तोंडून निघून गेलं. अराउसने ग्लास खाली ठेवला. "या बायका चाळीस वर्षं डुकराच्या चरबीत केळी तळून खातात. हृदय आधीपासून असंच असणार. गेल्या वर्षीचा इको आहे तिचा? नाही ना? मग व्हायरसने केलं, हे कशावरून? जा पोरी, रांग वाढतेय."

त्याला काही सांगण्यात अर्थ नव्हता. दगडालाही निदान वरून ओरखडा येतो. नार्सिसा चित्रं उचलून खालच्या मजल्यावर गेली, डॉक्टर हासिंता पिन्कायकडे. पिन्काय बत्तीस वर्षांची, मानाबी प्रांताकडची, नुकतीच हृदयविभागात कायम झालेली. एप्रिलमध्ये शहर सोडून न गेलेल्यांपैकी ती एक. नाकावर मास्कचा काळा वण होता आणि तो आता जाणार नव्हता. तिने पडद्यासमोर उभं राहून चित्र एकदाच पाहिलं आणि आउरियाला स्वतःच्या सहीने भरती करून घेतलं. पाणी उतरवणारं औषध, हृदयाचा वेग आवरणारं औषध, मीठ बंद, टोपली बंद. अँटिबॉडीची टेस्ट केली, तीही पॉझिटिव्ह आली: कोरोना होऊन गेला होता. नऊ दिवसांनी आउरिया स्वतःच्या पायांनी घरी गेली.

अराउसला हे कळलं, तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने फक्त ड्युटीचा तक्ता बदलला. पिन्कायची बदली आवारातल्या कोविडच्या तंबूत झाली, आणि नार्सिसाला लेखी सूचना मिळाली की चिठ्ठीशिवाय मशीन सुरू केलं तर कारवाई होईल.

नार्सिसाने ती सूचना मशीनखाली, डगमगणाऱ्या पायाला लावली आणि काम चालू ठेवलं. फरक इतकाच झाला, की आता ती दुपारी अराउस जेवायला गेला की बायकांना आत घ्यायची. 'घबराट' लिहिलेले कागद हातात धरून त्या बाहेर बसलेल्या असायच्या. चित्रं तंबूत पिन्कायकडे जायची, तिथून औषधाची चिठ्ठी यायची. नार्सिसा शाळेच्या वहीत नावं लिहायची: वय, ताप कधी आला, डावा कप्पा किती. सगळ्यांचं हृदय बिघडलेलं नव्हतंच. बऱ्याच जणी खरोखरच भेदरलेल्या होत्या; त्यांना ती समोर बसवून पडदा दाखवायची, की हे बघा, छान चाललंय. पण डिसेंबरपर्यंत वहीत एक्केचाळीस नावं झाली, ज्यांच्या हृदयाला खरंच इजा झाली होती. त्यात एक पुरुष होता, एर्मान तोमाला, शाळेत कवायत शिकवणारा. त्याचा नोकरीसाठी केलेला दोन हजार एकोणीसचा इको तिच्याच मशीनमध्ये होता: त्रेसष्ट टक्के. आता अडतीस. मधे फक्त एक गोष्ट घडली होती, मे महिन्यातला ताप.

ते दोन्ही कागद तिने अराउसच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. त्याला गेल्या वर्षीचा इको हवा होता ना.

"मशीन जुनं झालंय," अराउस म्हणाला.

त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहणं सोडलं. टायकडे पाहायची. टायमध्ये तरी काही रंग होता.

जानेवारीत अराउसला कोरोना झाला. सालिनासला वर्षअखेरीची मेजवानी होती, चाळीस पाहुणे, मास्क फक्त वाढप्यांना. तीन दिवस ताप आला, बायकोने कोंबडीचं सूप पाजलं, संपलं. दोन आठवड्यांनी तो कामावर आला. बाहेर तिथला जानेवारीतला पाऊस लागला होता, कॉरिडॉरभर नाकतोडे पडलेले असायचे आणि चालताना पायाखाली कुडकुडायचे. अशाच एका दुपारी तो नार्सिसाच्या खोलीत आला आणि त्याने दाराला आतून कडी लावली.

"नार्सिसा," तो म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव. "माझं हृदय गेलं."

कोट काढला, शर्ट काढला. आत एक मऊ, पांढरं, भित्रं पोट होतं आणि गळ्यात सोन्याचा संत. "धडधडतं. मधेच थांबतं. डावा हात जड होतो. मी वाचलंय सगळं, जर्मनीचा अभ्यास, अमेरिकेचा अभ्यास. ताप हलका असला तरी हा व्हायरस हृदयाला धरतो."

"हो?" नार्सिसा म्हणाली.

तिने जेल लावलं. गरम करून लावायची तिची सवय होती. आज नाही केलं. खोटं कशाला बोला, तिच्या मनात एक इच्छा होती आणि ती चांगली नव्हती. तिने सगळ्या कोनांतून पाहिलं, चाळीस मिनिटं. प्रत्येक भिंत, प्रत्येक झडप. आणि जसजसं पाहत गेली, तसतशी तिची निराशा वाढत गेली. हृदय नवीन कोऱ्या पंपासारखं चाललं होतं. पासष्ट टक्के. पाण्याचा थेंब नाही. पंचविशीतल्या पोराला शोभावं असं हृदय, आणि ते या माणसाच्या छातीत.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"डॉक्टर, काही नाही."

ईसीजी काढला, चांगला आला. भलत्याच नावाने रक्त पाठवलं. हृदयाला इजा झाली की रक्तात जे वाढतं, ते ट्रोपोनिन इतकं कमी, की मशीनला मोजता येईना. पुढच्या आठवड्यात तो खासगीत एमआरआय करून आला. तोही स्वच्छ. तरी दर दुपारी कडी लावून हजर.

"मग हे होतंय काय मला?" एमआरआयनंतरच्या चौथ्या दुपारी त्याने विचारलं.

नार्सिसाने पहिल्यांदा टायवरून नजर वर नेली. टाय नव्हताच म्हणा. उघडी छाती होती.

"घबराट," ती म्हणाली. "कॅमोमाइलचा काढा घ्या. आणि झोपताना अर्धी गोळी."

अराउस रडायला लागला. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. "मला मरायचं नाही," असं तिचं मनगट धरून म्हणत राहिला. भीती काही खोटी नव्हती. अशा भीतीने माणूस झोपेतून घामाघूम होऊन उठतो, हे नार्सिसाने शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. मिनिटभर तिला त्याची दया आली. ती म्हणालीसुद्धा, "डॉक्टर, याच्यावर उपाय असतो. बोलून बरं करणारे डॉक्टर आहेत वरच्या मजल्यावर. मी येते बरोबर."

अराउसने मनगट सोडलं. नाक पुसलं.

"वेडी आहेस? अराउस घबराटीने आजारी पडला, असं लोकांनी म्हणायचं?" मग आवाज खाली आणून, "तू असं कर. थोडी सूज लिही. पंचेचाळीस टक्के लिही. सही मी माझीच करतो."

दया आली तशी गेली. "चित्रात पासष्ट आहे," नार्सिसा म्हणाली आणि त्याच्या अंगावर शर्ट टाकला.

तो कागद त्याला एका जुन्या वर्गमित्राच्या दवाखान्यात मिळाला. आणि मार्चमध्ये अराउस टीव्हीवर दिसला. छातीवर हात ठेवून, सावकाश बोलत. हा व्हायरस हृदयावर हल्ला करतो, म्हणाला. मी स्वतः त्याचा बळी आहे, म्हणाला. आणि मग, घसा खाकरून, "मी पहिल्या दिवसापासून हे सांगत आलोय."

नार्सिसा घरी बोलोन, कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा, खात होती. घास तिच्या तोंडातच राहिला.

महिन्याभरात हॉस्पिटलात नवीन कक्ष मंजूर झाला: कोरोनानंतरच्या हृदयरुग्णांसाठी. नवीन मशीन, फुकट औषधं, प्रमुख डॉक्टर एवेरार्दो अराउस. कक्षाला रुग्णांची यादी हवी होती. अराउस इकोच्या खोलीत आला. या वेळी कडी न लावता.

"तुझ्याकडे एक वही आहे म्हणे."

नार्सिसाने त्या संध्याकाळी वही पिन्कायच्या तंबूत नेली. "देऊ का जाळू?"

"दे," पिन्काय म्हणाली.

"त्या चोराला?"

"बाई, आउरियाला महिन्यातून दोन आठवडे गोळ्या मिळत नाहीत. तोमालाने घड्याळ विकलं. कक्ष त्या नालायकाच्या तोंडावर चाललाय, तर चालू दे. पण फुकट देऊ नकोस."

म्हणून नार्सिसाने दोन अटी घातल्या. पिन्कायला परत आणायचं आणि तपासण्यांवर सही तिची. आणि एक्केचाळीस जणांना पत्र जायचं, अराउसच्या सहीचं. मजकूर तिने स्वतः लिहून आणला होता: 'आपल्या आजाराचं मी केलेलं निदान चुकीचं होतं. कृपया तपासणीसाठी यावं.'

अराउसने पत्रं वाचली नाहीत. तो एका वार्ताहराशी फोनवर बोलत होता. बोलता बोलता एक्केचाळीस वेळा सही केली, प्रत्येक अर्ध्या पानाची. पासष्टचा आकडा नार्सिसाच्या मशीनमध्ये आहे, हे त्याला ठाऊक होतं. अटी त्याने ऐकल्या न ऐकल्यासारख्या करून मानल्या.

पत्रं मिळाल्यावर पस्तीस माणसं आली. सहा आली नाहीत.

सहांपैकी एकीची मुलगी आली. येसेनिया लिंदाओ, शिवणकाम करणारी, तिशीतली. तिच्या एका हातात पत्र होतं आणि दुसऱ्यात 'घबराट' लिहिलेला जुना कागद. दोन्हींवर तीच सही.

"आई ऑक्टोबरमध्ये गेली," ती अराउससमोर उभी राहून म्हणाली. "तुम्ही दिलेला काढा करता करता. गॅससमोरच पडली. आता लिहिताय, चुकलं. मला नीट सांगा, काय चुकलं?"

अराउसने पत्र हातात घेतलं आणि पहिल्यांदाच वाचलं. त्याचा रापलेला चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा पडला. मग त्याने छातीवर हात ठेवला. "मला बरं वाटत नाही. मी स्वतः हृदयाचा रुग्ण आहे, बाई," म्हणाला, आणि मागच्या दाराने गेला.

येसेनिया त्या दाराकडे पाहत राहिली. नार्सिसाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वहीतलं तिच्या आईचं पान उघडलं. सदतीस टक्के, सप्टेंबर. औषध लिहून दिलं होतं, पण पुन्हा आली नव्हती.

"तिने घेतलं नाही ते," येसेनिया म्हणाली. "म्हणायची, मोठ्या डॉक्टरने काही नाही म्हणून सांगितलंय. तंबूतल्या पोरीचं काय ऐकायचं."

नार्सिसाने तिला सगळं सांगितलं, सालिनासपासून टीव्हीपर्यंत. येसेनियाने तक्रार केली. चौकशी बसली, नार्सिसाने साक्ष दिली, पिन्कायने दिली, तोमालाने दोन्ही इको नेऊन दाखवले. एक्केचाळीस पत्रांवरची सही नाकारता येण्यासारखी नव्हती. इतकी मोठी होती.

आणि तरीही अराउस सुटला. वर्गमित्राचा तो कागद त्याने समितीपुढे ठेवला: हृदयाला गंभीर इजा, चौकशीचा ताण जिवावर बेतेल. समितीतल्या लोकांनी नार्सिसाच्या पासष्टकडे न पाहता माना हलवल्या; त्यातले दोघे मेजवानीला सालिनासला होते. प्रकृतीच्या कारणावरून त्याला सन्मानाने निवृत्त केलं. निरोपाला केक होता. नार्सिसाने आपला तुकडा वॉचमनला दिला.

कक्ष पिन्कायकडे आला, कारण ते काम घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. येसेनिया कोर्टात गेली. ती केस अजून पुढच्या तारखा घेतेय, आणि येसेनिया प्रत्येक तारखेला जातेय.

अराउसचं म्हणाल, तर तो वेगळ्याच फासात अडकला. आजारी असल्याचा कागद त्याने मिळवला होता, आता बरा आहेस असं कोणी सांगेना. खासगीतले डॉक्टर त्याला गोळ्यांवर गोळ्या देत होते. इतक्या मोठ्या माणसाला घबराट आहे असं तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. दर आठवड्याला नवीन दवाखाना, नवीन ईसीजी.

ऑक्टोबरमध्ये आउरिया तपासणीला आली असताना त्याचा फोन आला. नार्सिसाच्या हाताला जेल होतं, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"नार्सिसा, कालपासून पुन्हा थांबतंय. एकदा बघ. तुझ्या मशीनवर. तू सांगितलंस तर मी मानेन."

आउरियाने आवाज ओळखला. उताणी पडल्या पडल्या भुवया वर नेल्या.

"नंबर सकाळी सात वाजता वाटतात, डॉक्टर," नार्सिसा म्हणाली. "ओळखपत्र आणा. रांग डाव्या हाताला, बायकांच्या मागे."

पलीकडून फोन बंद झाला.

"येईल का गं तो?" आउरियाने विचारलं.

"आला तर बघेन. पासष्ट असेल तर पासष्टच लिहीन."

"मी नसतं बघितलं."

"तुम्ही बोलू नका, चित्र हलतंय."

पडद्यावर आउरियाचा डावा कप्पा आवळत होता, सैल पडत होता, पुन्हा आवळत होता. पूर्वीसारखा नाही, पण मनापासून. नार्सिसाने दोनदा मोजलं. अठ्ठेचाळीस.

"पन्नास पौंडांचं टोपलं?" आउरियाने विचारलं.

"दहाचं," नार्सिसा म्हणाली. "बाकीचं पोरांना उचलू दे."

"दहात काय येतं? कोळंबी येते." आउरिया उठून बसली, छातीवरचं जेल कागदाने पुसलं आणि ब्लाउजची बटणं लावू लागली. "ठीक आहे. कोळंबी विकेन."